गर्दीच्या शहर मॅरेथॉनमध्ये धावणे: बडोद्याच्या धावकांचे अनुभव

धागाकर्ता: कारेलीबागकर

नमस्कार मंडळी,

शहराच्या मोठ्या मॅरेथॉनसाठी आपण तीन-चार महिने आधीपासून किलोमीटर मोजतो, बूट निवडतो, आहार सांभाळतो. पण हजारो माणसांच्या मधोमध धावण्याची तयारी कोणी करत नाही, कारण ती कामाटीबागेच्या मोकळ्या वाटेवर किंवा लक्ष्मीविलास राजवाड्याच्या भिंतीलगतच्या फेरीत करताच येत नाही. मॅरेथॉनच्या दिवशी नवलखी मैदानाकडे जाणारे रस्ते अंधारातच भरून जातात, आणि पूर्ण मॅरेथॉनवाल्यांपासून पाच किलोमीटरच्या कौटुंबिक दौडीपर्यंत सगळे एकाच परिसरात जमतात. त्या वातावरणाचा आनंद वेगळाच असतो. प्रश्न एवढाच आहे की त्यात धावायचे कसे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला स्वतःची सर्वोत्तम वेळ नोंदवायची आहे, त्याने मोठ्या शहर मॅरेथॉनवर भिस्त ठेवू नये. आणि तरीही भाग घ्यायचाच असेल, तर पहिले दोन-तीन किलोमीटर वेळेच्या हिशेबातून काढून टाकावेत.

नव्या मंडळींची सर्वांत मोठी धास्ती अशी असते की, शर्यत सुरू झाल्याचा इशारा झाला आणि आपण अजून मागेच उभे आहोत, म्हणजे वेळ वाया चालली. तसे नसते. बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला, मागच्या बाजूने चिकटवलेली टायमिंग चिप आरंभरेषेवरच्या मॅटवरून गेली की आपली वेळ सुरू होते आणि अंतिम रेषेवरच्या मॅटवर थांबते. याला नेट टाइम म्हणतात. इशाऱ्यापासून मोजलेली वेळ म्हणजे गन टाइम, आणि तिचा संबंध मुख्यतः पुढच्या फळीतल्या, क्रमांकासाठी धावणाऱ्यांशी येतो. तेव्हा रेषेपर्यंत पोहोचायला दहा मिनिटे लागली तरी चालत जावे. मात्र बिब घडी घालून कमरेला खोचणे किंवा त्यावर पट्टा आवळणे टाळावे, कारण चिपचा अँटेना अगदी पातळ असतो. तो मोडला किंवा ओल्या अंगाला घट्ट चिकटला, तर मॅटवर नोंदच होत नाही आणि मग निकालात नाव शोधत बसावे लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम आले आणि १९२१ मध्ये अधिकृत ठरले. मार्ग मोजताना मोजणी करणारा सायकलस्वार वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने जातो. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून एक सहस्रांश, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर, जास्तीचे धरले जातात. गर्दीत आपल्याला ती आतली रेषा कधीच मिळत नाही. त्यामुळे घड्याळात चार-पाचशे मीटर जास्त दिसले की ‘मार्ग चुकीचा मोजला’ असा जो ओरडा दर वर्षी होतो, तो बहुतेक वेळा निराधार असतो.

आपापले अनुभव मोकळेपणाने लिहावेत. बडोद्याबाहेरच्या शर्यतींचेही चालतील.

रावपुरावासी यांचा प्रतिसाद

धागा अगदी वेळेवर काढला आहे. मी अर्ध मॅरेथॉन धावते आणि एका स्त्रीच्या नजरेतून गर्दी कशी दिसते ते थोडे लिहिते.

आरंभरेषेजवळच्या दाटीत उंचीने कमी असलेल्या माणसाला पुढचे काहीच दिसत नाही. दिसतात ते फक्त टी-शर्टचे पाठमोरे रंग. पुढचा माणूस अचानक थांबला, खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला किंवा मोबाइल उंच धरून चित्रफीत काढू लागला, तर आपण थेट त्याच्यावर जाऊन आदळतो. म्हणून मी नेहमी रस्त्याच्या डाव्या कडेजवळ उभी राहते. तिथे एका बाजूला मोकळी जागा असते आणि वेळ आलीच तर पदपथावर चढता येते. पदपथावरून धावत सुटणे मात्र धोक्याचे आहे, कारण अंधारात उघडे गटार, झाडाचे आळे किंवा तुटलेली फरशी दिसत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सव्वासातच्या आसपास सूर्योदय होतो, त्यामुळे लांबच्या अंतरांचा बराचसा पहिला भाग दिव्यांच्या उजेडातच पार करावा लागतो.

कोपर लागणे, पायात पाय येणे हे चालायचेच. पण काही मंडळी पुढे जाण्यासाठी पाठीवर किंवा खांद्यावर हात ठेवून बाजूला सारतात, आणि ते मुळीच चालण्यासारखे नाही. तोंडाने ‘उजवीकडून’ एवढे म्हटले तरी पुरते. बडोद्यात गुजरातीत ‘बाजू आपो’ (वाट द्या) म्हटले तर आणखी लवकर काम होते.

आता गर्दीची दुसरी बाजू. आपल्या मराठी वस्तीतल्या मंडळींनी एका वर्षी रस्त्याच्या कडेला टेबल मांडले होते. संक्रांत जवळ असल्यामुळे स्टीलच्या डब्यांत तिळाच्या वड्या होत्या आणि एक आजी प्रत्येक धावणाऱ्याला ‘घे गं, घे रे, गोड खा आणि पळ’ म्हणून वडी देत होत्या. वडी कडक होती आणि धावताना चावणे जमेना, तेव्हा मी ती गालात धरून ठेवली आणि पुढच्या पाण्यापर्यंत तिचा गूळ हळूहळू विरघळत राहिला. बाजारातल्या महागड्या एनर्जी जेलने मला त्याहून जास्त काही दिल्याचे आठवत नाही.

सबटू_ध्यास यांचा प्रतिसाद

कारेलीबागकर, आपल्या मूळ मताशी मी असहमत आहे.

अर्ध मॅरेथॉन दोन तासांच्या आत पूर्ण करायची, हे ध्येय ठेवणाऱ्या माणसाला मोठी शर्यत अडथळा न ठरता उपयोगी पडू शकते, कारण इतक्या गर्दीत आपल्याच वेगाची पन्नास माणसे हमखास सापडतात. छोट्या शर्यतीत आठव्या किलोमीटरनंतर आपण एकटेच उरतो आणि मन ढिले पडते. वारा समोरून असेल तर घोळक्याच्या मागे राहून दम वाचतो, हाही फायदा आहेच. अट एकच: आपल्याला नेमून दिलेल्या गटात वेळेवर जाऊन पुढच्या बाजूला उभे राहायचे. पाच मिनिटे आधी येऊन मागे उभे राहणाऱ्याने गर्दीला दोष देऊ नये.

मात्र नागमोडी धावण्याबाबत आपण अजून कडक लिहायला हवे होते. समजा पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माणसे ओलांडताना डावी-उजवीकडे जाऊन आपण १०० मीटर जास्त धावलो. सहा मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने ती ३६ सेकंदे झाली, आणि तेवढी पुढे भरून काढता येतात. खरे नुकसान वेगळे आहे. प्रत्येक फट दिसली की आपण झटका मारून पुढे जातो, मग समोर पाठ आली की ब्रेक लावतो, पुन्हा झटका मारतो. असे वीस-तीस झटके म्हणजे स्नायूंमधल्या साखरेच्या साठ्याची उधळपट्टी, आणि तिचे बिल सतराव्या-अठराव्या किलोमीटरला येते.

कारेलीबागकर (धागाकर्ता)

गटात पुढे उभे राहण्याचा मुद्दा मान्य. परंतु सर्वच शर्यतींत गट वेगानुसार पाडलेले नसतात, आणि पाडलेले असले तरी दोरी सुटताच ते एकमेकांत मिसळतात. न्यूयॉर्कसारख्या शर्यतीत धावक टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या वेळी सोडले जातात, तिथे आपला युक्तिवाद पूर्ण लागू पडेल. सगळे एकदम सुटत असतील तिथे माझे म्हणणे कायम आहे.

हळूहळू_चाला यांचा प्रतिसाद

मी पाच किलोमीटरवाला. तोही चालणारा.

वरच्या चर्चेत ‘अडथळा’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो आहे त्यात मी, माझी सौ. आणि आमची नात असे तिघेही येतो, म्हणून लिहितो. वर्षाचे बाकीचे दिवस त्याच रस्त्यांवरून पायी जाणाऱ्या माणसाला रिक्षा, दुचाकी आणि गाई यांच्यातून जीव मुठीत धरून चालावे लागते. एक सकाळ अशी येते की राजमहाल रोडच्या मधोमध आपण हात हलवत चालतो आणि कोणी हॉर्न वाजवत नाही. त्या आनंदासाठी आम्ही येतो आणि आमच्यासारख्यांमुळेच शहर त्या दिवशी रस्त्यावर उतरते. आम्ही नसू तर टाळ्या कोण वाजवणार?

तरीही एक मान्य करतो की चौघांनी हात धरून रस्ताभर आडवे चालणे बरोबर नाही. दोघांच्या रांगेत, कडेने चालावे. शाळेच्या मुलांचे गट असतील तर शिक्षकांनी हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे, कारण उत्साहाच्या भरात आरंभालाच जोरात पळत सुटणारी आणि दोनशे मीटरवर धापा टाकत रस्त्याच्या मधोमध थांबणारी मुले हीच मागून येणाऱ्यांना जास्त अडचणीची ठरतात.

सांधेजोड यांचा प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मॅरेथॉनच्या दिवशी वैद्यकीय मदतीच्या तंबूत बसण्याचा अनुभव गाठीशी आहे. गर्दीशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याच्या टेबलांची. पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात. प्रत्यक्षात टेबले ओळीने मांडलेली असतात, तेव्हा पहिली दोन सोडून शेवटच्या टेबलाकडे जावे. तिथे स्वयंसेवक मोकळे असतात. पाणी घेतल्यावर जागीच थांबू नये, चार पावले पुढे जाऊन कडेला प्यावे. पायांखाली काय असते ते तंबूत बसून नीट कळते. अर्धवट भरलेल्या छोट्या बाटल्या रस्त्यावर आडव्या पडतात, त्यांची टोपणे वेगळी पडतात, आणि अशा बाटलीवर टाच पडली की ती फुटत नाही, घरंगळते. घोटा आत वळतो. पाण्याच्या टेबलापुढचे पन्नास मीटर हे मुरगळलेल्या घोट्यांचे माहेरघर आहे. कागदी पेल्यांचा त्रास त्या मानाने कमी, फक्त ओल्या पेल्यांवरून पाय सटकतो. बाटली रिकामी करून, टोपण लावून, कडेच्या पिंपात टाकण्याएवढी सवड प्रत्येकाला असते.

दुसरी गोष्ट पाणी जास्त पिण्याची. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे तापमान दहा-बारा अंशांवर असते, घाम बेताचा येतो, आणि तरी ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला इतका रुजला आहे की प्रत्येक टेबलावर माणसे बाटलीभर पाणी संपवतात. रक्तातले सोडियम त्यामुळे घसरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी झाली होती आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ टक्के धावकांचे सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी आढळले. शर्यतीच्या दरम्यान वजन वाढलेले आणि चार तासांहून अधिक वेळ घेतलेले धावक त्यात जास्त होते. गर्दीबरोबर सावकाश जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पिण्यासाठी वेळ त्यांच्याकडेच जास्त असतो. तहान लागेल तेव्हा, लागेल तितकेच प्यावे. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांनी मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस जवळ ठेवावे. हाताची बोटे सुजून अंगठी घट्ट वाटू लागणे, मळमळणे, डोके जड होऊन गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली तर आणखी पाणी न पिता थेट वैद्यकीय मदत घ्यावी.

सबटू_ध्यास

बाटलीबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या टेबलाची युक्ती उत्तम आहे. वाचनखूण साठवली.

अकोटा_पूल यांचा प्रतिसाद

बाहेरच्या अनुभवांबद्दल विचारले आहे म्हणून मुंबईविषयी लिहितो. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने जाऊन नातेवाइकांकडे उतरायचे आणि पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी पोहोचायचे, हा आमच्या गटाचा परिपाठ आहे. ती शर्यत २००४ पासून भरते आणि आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. आपल्याकडच्या शर्यतीनंतर थोड्याच दिवसांत ती येत असल्यामुळे दोन्हींकडे जीव तोडून धावणे शहाणपणाचे नाही. एक मनासाठी धावावी, एक घड्याळासाठी.

मुंबईच्या गर्दीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे लांब अंतराचे धावक पहाटे निघून जातात आणि हौशी ‘ड्रीम रन’ बऱ्याच उशिरा सुरू होते, त्यामुळे चालणारे आणि वेळेसाठी धावणारे एकमेकांच्या फारसे आड येत नाहीत. तिथली परीक्षा वेगळी आहे. शेवटच्या टप्प्यात, पायांतले त्राण संपत आलेले असताना, पेडर रोडचा चढ समोर येतो, आणि बडोद्यासारख्या सपाट गावात सराव केलेल्या आमच्यासारख्यांची तिथे खरी फजिती होते. आपल्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल आणि विश्वामित्रीवरचे पूल. म्हणून मी अकोटा-दांडिया बाजार पुलाच्या फेऱ्या मारतो, आणि वर सौर पॅनेलचे छत असल्यामुळे उन्ह चढल्यावरही तिथे बरे पडते. नदीत मगरी आहेत म्हणून खाली डोकावायला थांबणाऱ्यांची गर्दी त्या पुलावरही असते, ही गोष्ट निराळी.

आता तक्रारीचा अनुभव. एका दुसऱ्या शहरात, ज्याचे नाव मी देत नाही, दहा किलोमीटरचे आणि एकवीस किलोमीटरचे धावक एकाच चौकात एकत्र आणले होते. वळण दाखवणारा स्वयंसेवक कोवळा मुलगा होता, त्याला दोन रंगांच्या बिबांतला फरक कोणी समजावून दिलेला नव्हता, आणि त्याने एकवीसवाल्यांच्या एका मोठ्या घोळक्याला दहाच्या मार्गावर वळवले. पुढचा माणूस वळला म्हणून मागचेही वळले. बिबावरचा मार्ग आपण स्वतः पाठ करून ठेवावा, निदान मुख्य वळणे तरी. गर्दीत असताना पुढच्या माणसाला वाट माहीत आहे असे आपण गृहीत धरतो, आणि तोही त्याच्या पुढच्याबद्दल तेच गृहीत धरत असतो.

जुम्मादादा_आखाडा यांचा प्रतिसाद

वयाने मी या धाग्यावर बहुधा सर्वांत मोठा असेन. धावत नाही, पण पाहतो.

गर्दी ही या खेळाला नवीन चिकटलेली गोष्ट आहे, हे तरुण मंडळींना ठाऊक असावे म्हणून लिहितो. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. तो मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्यापेक्षा लांब होता. पुढे शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला, जो कित्येक दशके कोणाला मोडता आला नाही. त्या काळी लांब पल्ल्याचे धावणे मूठभरांचे काम होते. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० मध्ये झाली तेव्हा आरंभाला १२७ माणसे होती आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली; २०१९ मध्ये तिथे ५३,६२७ जणांनी पूर्ण केली.

बडोद्याला व्यायामाची परंपरा सयाजीरावांच्या काळापासून आहे. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव अजून निघते. आखाड्यात गर्दीचा एक नियम होता: ज्याची पाळी नाही त्याने हौद, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, अडवायचा नाही. कारेलीबागकर आणि हळूहळू_चाला यांच्यातला वाद मला त्या नियमाने सुटेल असे वाटते. चालणाऱ्यांना जागा हवी, धावणाऱ्यांना वाट हवी, आणि दोन्ही एकाच रस्त्यात मावतात.

हळूहळू_चाला

काका, अगदी मनातले लिहिलेत. आमची नात यंदा डावीकडूनच चालेल.

फतेगंजची_पहाट यांचा प्रतिसाद

एका धोक्याचा उल्लेख अजून झालेला नाही. उत्तरायण, म्हणजे इथला संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आलेले असल्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीपासून आपल्या रस्त्यांवर मांजा लोंबत असतो. झाडाच्या फांदीवरून, विजेच्या तारेवरून, दुभाजकाच्या जाळीवरून तुटलेले धागे खाली आलेले असतात आणि पहाटेच्या अंधारात ते दिसणे अशक्यच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो तुटत नाही म्हणून चोरून वापरला जातोच. दुचाकीवाल्यांच्या गळ्याला होणाऱ्या जखमा आपण दर वर्षी वाचतो. धावणाऱ्याचा वेग कमी असल्याने गळ्याचा धोका कमी असला, तरी पायांत गुंतणारा मांजा वाईट. घोळक्यात पुढच्याच्या पायात अडकलेला धागा मागे फरफटत येतो आणि मागच्याच्या घोट्याभोवती वेढा पडतो. मी स्वतः लांब मोजे घालते. पायाला काही लागल्यासारखे वाटले तर झटका देऊन ओढू नये, कारण काचेचा लेप असलेला धागा ओढल्यानेच कापतो. आधी कडेला यावे, मग वाकून सोडवावा.

नवखा_मांजलपूर यांचा प्रतिसाद

नमस्कार. यंदा पहिलीच अर्ध मॅरेथॉन आहे. तीन प्रश्न आहेत. पेसरच्या मागे धावावे का? एक मित्र ऐन वेळी येऊ शकत नाही, त्याचे बिब दुसऱ्याला दिले तर चालेल का? आणि अंतिम रेषेनंतर आई-बाबांना कसे गाठावे, कारण त्या गर्दीत फोन लागत नाही असे ऐकले आहे.

रावपुरावासी

पेसरबद्दल मी सांगते. पाठीवर वेळेचा झेंडा लावून नेमक्या त्याच वेळेत शर्यत पूर्ण करणारा पेसर म्हणजे नवख्यासाठी मोठा आधार असतो, परंतु त्याच्या अगदी मागे चिकटणारा घोळका इतका दाट होतो की पाण्याच्या टेबलावर आणि वळणांवर त्यात चेंगरायला होते. झेंडा नजरेच्या टप्प्यात ठेवून दहा-पंधरा मीटर मागे राहावे. शिवाय पेसर आपल्या आधी आरंभरेषा ओलांडून गेला असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी धडपडू नये. आपण त्याच्यानंतर दोन मिनिटांनी रेषा ओलांडली असेल, तर शेवटीही दोन मिनिटे मागे राहून आपली वेळ तीच येते. पंगतीत पहिल्या वाढीलाच पोट भरून घेणाऱ्याला जिलेबी येईपर्यंत जागा उरत नाही, तसे पहिल्या तीन किलोमीटरमध्ये पेसरला गाठणाऱ्यांचे होते.

सांधेजोड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. बिब हस्तांतरित करणे नियमात तर बसत नाहीच, पण वैद्यकीय कारण त्याहून मोठे आहे. बेशुद्ध झालेला धावक तंबूत आणला जातो तेव्हा आमच्या हाती फक्त बिब क्रमांक असतो. त्यावरून नाव, वय, रक्तगट आणि आप्तांचा क्रमांक काढला जातो. बिबच्या मागच्या बाजूला हे स्वतः लिहिण्यासाठी रकाने असतात आणि बहुतेक जण ते कोरेच ठेवतात. दुसऱ्याच्या बिबवर धावणारा कोसळला, तर आम्ही घरी आरामात झोपलेल्या माणसाच्या बायकोला फोन करतो, आणि ज्याला खरी मदत हवी आहे त्याला मधुमेह आहे की नाही, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे की नाही, यातले काहीच आम्हाला कळत नाही. आज रात्रीच ते रकाने भरून ठेवा. शाईचे पेन वापरू नका, घामाने अक्षरे पसरतात. साधे बॉलपेन उत्तम.

अंतिम रेषेविषयीही एक सूचना. रेषा ओलांडताच थांबू नका, घड्याळ बंद करण्यासाठीसुद्धा नाही. मागून माणसे वेगाने येत असतात, हे एक कारण. दुसरे असे की धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. आपण एकदम उभे राहिलो की ते ढकलणे थांबते, रक्त पायांतच साठते, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. रेषेपलीकडच्या पहिल्या काही मीटरमध्ये जितकी माणसे कोसळतात तितकी मार्गावर इतरत्र कोसळत नाहीत. पदकाच्या रांगेतही जागच्या जागी पावले हलवत राहावे. फारच गरगरले तर आडवे पडून पाय वर करावेत, आणि आजूबाजूच्यांनी गराडा न घालता वारा येऊ द्यावा.

अकोटा_पूल

फोनबद्दल: इतकी माणसे एका मैदानात आली की नेटवर्क खरोखरच कोलमडते. ‘मैदानात भेटू’ असे ठरवू नका, कारण नवलखी मैदान त्या दिवशी ओळखू येत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी आई-बाबांना घेऊन जा, मैदानाबाहेरची एक खूण पक्की करा आणि साधारण वेळ सांगून ठेवा. अर्ध मॅरेथॉनला तीन तास लागतील असे वाटत असेल तर सव्वातीन सांगा, म्हणजे पंधरा मिनिटे उशीर झाला तरी त्यांचा जीव टांगणीला लागणार नाही. आणि रस्ते पहाटेपासून बंद असतात, तेव्हा त्यांना गाडी बरीच लांब लावून चालत यावे लागेल, हेही सांगा.

नवखा_मांजलपूर

सर्वांचे मनापासून आभार. बिबचे मागचे रकाने आत्ताच भरले. मित्राचे बिब कोणाला देत नाही. शेवटचा एक प्रश्न: सामान जमा करण्याच्या काउंटरवरही गर्दी असते का? बाबांकडे काही देऊन ठेवावे का?

कारेलीबागकर (धागाकर्ता)

काउंटरवर परत घेताना चांगलीच रांग असते, कारण सगळे एकाच वेळी संपवून येतात. बाबांकडे कोरडा सदरा, चपला आणि थोडे सुटे पैसे देऊन ठेवा. घाम सुकू लागला की सकाळच्या वाऱ्यात हुडहुडी भरते, तेव्हा सदरा आधी बदला, सेव उसळ नंतर. आणि पहिल्या तीन किलोमीटरमध्ये किती जण आपल्याला ओलांडून गेले ते मोजू नका. त्यांतले बरेच जण पुढे भेटतील.